नकारघंटा वाजवणाऱ्यांची बाजू

अपशकुनी टिटवी

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर फुदाई नावाचं मासेमारीवर जगणारं छोटं गाव आहे. १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींनी तिथली शेकडो माणसं नेली. १९३३ चा विध्वंस पाहिलेले कोतोकु वामुरा पुढे गावाचे प्रमुख झाले आणि १९४७ पासून चाळीस वर्षं निवडून येत राहिले. त्यांनी आधी समुद्राच्या बाजूने भिंत उभारली आणि मग नदीच्या तोंडाशी १५.५ मीटर उंचीचा दरवाजा बांधायचा हट्ट धरला. एवढा खर्च कशाला, जमीन किती जाते, एवढ्या उंचीची गरज काय, असं सगळं लोकांचं बोलून झालं. काम १९८४ मध्ये पुरं झालं. वामुरा १९९७ मध्ये वारले, तोवर त्या दरवाज्याची परीक्षा घेणारी लाट आलीच नव्हती. ती मार्च २०११ मध्ये आली. किनाऱ्यावरची कितीतरी गावं धुऊन निघाली, फुदाईची घरं राहिली. मग गावकरी त्यांच्या थडग्याशी जाऊन हात जोडून आले.

अशा माणसाला तो जिवंत असताना आपण काय म्हणतो? नकारघंटा. रडतराऊत. कुणी भविष्याचं गोड चित्र रंगवलं की टाळ्या, आणि "हे फसलं तर?" असं विचारणारा म्हणजे रंगाचा बेरंग करणारा. माझं मत उलटं आहे. समाज तगून राहतो तो बहुतांशी अशा कुरकुऱ्या लोकांच्या जिवावर. आणि समाजाचे सगळ्यात मोठे घात झालेत ते ज्यांना स्वर्ग इथेच आणि लगेच उतरवायचा होता त्यांच्या हातून.

निराशावाद म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच खर्ची पडतील. हताश माणूस भिंत बांधत नाही. भिंत बांधणाऱ्याला लाट येणार याची खात्री असते, आणि तिच्यापुढे आपलं थोडंफार चालेल एवढी माफक आशाही असते. तेवढ्या आशेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आशेच्या सक्तीशी.

सक्तीची आशा काय करते ते चीनमधल्या १९५८ च्या 'मोठ्या झेपे'त दिसतं. पोलादात ब्रिटनला काही वर्षांत मागे टाकायचं, शेती सामुदायिक करायची, धान्याच्या राशी लावायच्या. स्वप्न इतकं पवित्र की पीक कमी आलं असं कळवणारा अधिकारी संशयित ठरायचा. मग ज्याने त्याने वरच्याला फुगवलेले आकडे दिले, सरकारने त्याच आकड्यांच्या हिशेबाने धान्य उचललं, आणि खेड्यांत खायला उरलं नाही. १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीच्या वेळी संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओंना खाजगी पत्र लिहून परिस्थिती कानावर घातली. पत्राचं फळ म्हणजे त्यांचं मंत्रिपद गेलं आणि त्यांच्यासारखं बोलणाऱ्यांविरुद्ध देशभर मोहीम निघाली. दुष्काळ पुढे दोन वर्षं चालला. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलंय की मुक्त वृत्तपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात असा मोठा दुष्काळ पडत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की तिथे वाईट बातमी देणाऱ्याला जागा असते.

कंबोडियाबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज या जहाल साम्यवादी गटाने सत्ता घेतली आणि राजधानी नॉम पेन्ह रिकामी केली, इस्पितळातल्या रोग्यांसकट. चलन रद्द, बाजार रद्द, शाळा रद्द, कोऱ्या पाटीवर नवा समाज लिहायचा. चार वर्षं पुरी व्हायच्या आत देशाची पाचवा ते चौथा हिस्सा माणसं संपली.

याउलट डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढून वाचा. घटना तयार झालेली, मंजुरी दुसऱ्या दिवसावर आलेली. दुसरा कुणी असता तर सोनेरी पहाट वगैरे बोलला असता. ते काय बोलले? घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर तीही वाईट ठरेल. राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरणार आहोत, राजकारणात समता आणि समाजात विषमता, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर जे सोसतायत तेच हा डोलारा उडवून देतील. स्वतः घडवलेल्या गोष्टीबद्दल, तिच्या जन्माच्या वेळी, इतकं अशुभ बोलायला केवढी हिंमत लागते! मला तरी हे त्या सभेतलं सगळ्यात आश्वासक भाषण वाटतं.

बोला आता. खिल्लीही चालेल.


वाटेवरचा दगड

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा प्रतिसादांची शंभरी गाठणार नाही असं वाटतं. गाठली तर आनंद, नाही गाठली तर मी म्हटलंच होतं.


निळाई

टिटवी, लिहिलंय छान, पण पटलं नाही. तुम्ही आशावाद्यांमधले खुनी निवडले आणि निराशावाद्यांमधले इंजिनियर. असं केलं तर काहीही सिद्ध होतं.

१९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी निर्मूलनाची मोहीम नव्याने हाती घेतली तेव्हा जगात वर्षाला कोटीहून जास्त लोकांना देवी येत होत्या. माणसाचा एखादा रोग पृथ्वीवरून कायमचा घालवणं हे तोवर कुणी कधी केलेलं नव्हतं. अनुभवी डॉक्टरसुद्धा हे होणार नाही म्हणत होते. १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली.

किंवा १७८७ घ्या. लंडनमधल्या एका छापखान्यात बारा माणसं जमतात आणि गुलामांचा व्यापार बंद करायची समिती काढतात. साखर, बंदरं, जहाजं, विमा, सगळ्यांचा पैसा त्या व्यापारात अडकलेला. त्या दिवशी कुठल्या शहाण्या माणसाने त्यांच्यावर पैज लावली असती? १८०७ मध्ये ब्रिटनने तो व्यापार बेकायदा ठरवला, १८३३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. शहाणे लोक भिंती बांधतात, मान्य. पण दार कुठे हवं हे वेड्यांनाच दिसतं.


गणिती किडा

टिटवींच्या बाजूने थोडे आकडे टाकतो.

२८ जानेवारी १९८६ ला नासाचं चॅलेंजर हे शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचं अवकाशयान, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. चौकशी आयोगावर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. यान गमावण्याची शक्यता किती, या प्रश्नावर त्यांना नासामध्ये दोन टोकांची उत्तरं मिळाली. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते साधारण शंभरात एक म्हणत होते, वरचे व्यवस्थापक लाखात एक. लाखात एक म्हणजे रोज एक यान सोडलं तर पावणेतीनशे वर्षांत एक अपघात! २०११ मध्ये शटल कार्यक्रम संपला तेव्हा हिशेब लागला. १३५ उड्डाणं, दोन यानं गेली, चौदा माणसं गेली. साधारण सदुसष्टात एक. म्हणजे ज्यांना वरचे लोक घाबरट समजत होते ते अभियंतेसुद्धा जरा आशावादीच निघाले.

त्याहून बोचणारी गोष्ट आदल्या रात्रीची. यानाला वर ढकलणारी बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, उड्डाण नको. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवून द्यावं लागे. त्या रात्री उलटं झालं, त्यांनाच ते असुरक्षित असल्याचं सिद्ध करायला सांगितलं गेलं. तेवढा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. माझ्या मते या धाग्याचा खरा प्रश्न हा आहे. मनाने कोण आशावादी आणि कोण निराशावादी हे जाऊ दे, सिद्ध करायचं ओझं कुणाच्या डोक्यावर आहे ते सांगा.

ता. क. सिडनीचं ऑपेरा हाउस. सुरुवातीचा अंदाज ७० लाख डॉलर आणि १९६३. प्रत्यक्षात १० कोटी २० लाख डॉलर आणि १९७३. यावर वेगळं बोलायला नकोच.


शंकासुर

बोलायला हवं की! सिडनीचा खरा आकडा आधी कळला असता तर कुणी पायाचा दगडसुद्धा ठेवला नसता. आज त्या शहराची ओळख तीच इमारत आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं होतं. अडचणी आधी दिसत नाहीत म्हणून माणूस कामाला हात घालतो, आणि अडकला की डोकं चालवून बाहेर येतो. म्हणजे थोडं अज्ञान उपयोगाचं असतं.


गणिती किडा

हर्शमन यांचं उदाहरण मोजक्या, त्यातही टिकलेल्या प्रकल्पांचं. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिव्हबिअर्ग यांनी नंतर दोन हजारांहून जास्त प्रकल्पांची आकडेवारी लावून पाहिली. बहुतेक ठिकाणी खर्चही वाढला आणि फायदाही सांगितला त्याहून कमी मिळाला. अडकल्यावर डोकं चालवून बाहेर आलेले थोडे. बाकीचे अडकलेलेच राहतात, आणि त्यांचे फोटो कुणी पोस्टकार्डवर छापत नाही.


अपशकुनी टिटवी

निळाई, देवीचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं केलंत, ते माझ्या पथ्यावर पडणार आहे :)

त्याच संघटनेने त्याआधी, १९५५ मध्ये, हिवताप निर्मूलनाची मोहीम काढली होती. स्वप्नाळूपणा पाहायचा तर तिथे. डीडीटी हाती आलेलं. काही वर्षं फवारायचं, रोग संपवायचा, गाशा गुंडाळायचा. तेव्हाच्या सिलोनमध्ये १९६३ साली रुग्ण उरले फक्त १७. झालं, जिंकलो! फवारणी थांबली, पाळत ढिली पडली. १९६८-६९ च्या साथीत रुग्ण पाच लाखांवर गेले. पुढे डासही डीडीटीला दाद देईनासे झाले. १९६९ मध्ये संघटनेने जगभर निर्मूलनाचं ध्येय गुपचूप बाजूला ठेवलं. श्रीलंकेला हिवतापमुक्त ठरायला २०१६ उजाडलं.

आता देवीवाले काय करत होते ते पाहा. जमेल तेवढ्या सगळ्यांना लस टोचायची हा मूळ बेत. तो पुरणार नाही हे लवकरच लक्षात आलं. मग त्यांनी रुग्ण हुडकायचा आणि त्याच्या आसपासच्या माणसांना टोचून भोवती कडं करायचं, ही पद्धत धरली. ही पद्धत चालते ती एका कडू गृहीतकावर: कळवलेले आकडे अपुरे आहेत, रुग्ण लपवले जातायत, कागदावर शून्य म्हणजे प्रत्यक्षात शून्य नव्हे. म्हणून घरोघर शोध. म्हणून रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस. शेवटचा रुग्ण सापडल्यावरही दोन वर्षं शोध चालू ठेवायचा, मग बाहेरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने येऊन तपासायचं, आणि मग कुठे तो देश मोकळा. या मधल्या काळात १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला एका प्रयोगशाळेतून विषाणू निसटला आणि तिथे काम करणारी एक बाई गेली. तेव्हा लोकांवरचा अविश्वास प्रयोगशाळांपर्यंत नेला गेला, आणि जगभरचे साठे नष्ट करून दोनच ठिकाणी ठेवले गेले.

ध्येय दोघांचं सारखंच मोठं होतं. एकाने आपला बेत फसेल असं धरून काम केलं, दुसऱ्याने फसणार नाही असं धरून.

छापखान्यातल्या बारा जणांबद्दलही तेच. मालकांच्या हृदयाला पाझर फुटेल अशा भरवशावर ते बसले नाहीत. थॉमस क्लार्कसन बंदरोबंदर हिंडून खलाशांच्या जबान्या घेत होते, बेड्या आणि अंगठे चिरडायचे साचे विकत घेऊन पुरावा म्हणून दाखवत होते. आणि १८३३ च्या कायद्यात भरपाई कुणाला मिळाली? मालकांना, दोन कोटी पौंड. गुलामांना छदाम नाही. माणसाच्या स्वभावाबद्दल उमाळे येणाऱ्यांनी एवढा एक आकडा पाठ करावा.


ताठ कणा

सगळं वाचलं. एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. निराशावाद कायम कुणाच्या सोयीचा असतो? ज्यांचं बरं चाललंय त्यांच्या. माणसाचा स्वभाव बदलत नाही, घाई कराल तर आहे तेही जाईल, लोक अजून तयार नाहीत. प्रत्येक सुधारणेच्या आडवी हीच वाक्यं आलीत. मुली शिकल्या तर घरं मोडतील, मजुरांना मत दिलं तर देश बुडेल.

आणि निराशावादी फक्त भिंती बांधतात, हे कुणी सांगितलं? जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १९६८ मध्ये लिहिलं की काहीही केलं तरी सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं उपाशी मरणार. काही देशांना धान्य पाठवून उपयोग नाही इथपर्यंत भाषा गेली. हरितक्रांतीने ते भाकीत पाडलं. अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९८० मध्ये त्यांच्याशी पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली. टंचाईने किमती वाढतील असं एर्लिक म्हणत होते. १९९० मध्ये ते हरले आणि ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक त्यांनी पाठवून दिला. हा झाला गमतीचा भाग. बिनगमतीचा भाग असा की लोकसंख्येच्या त्याच भीतीच्या हवेत आणीबाणीच्या काळात एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी जबरदस्तीने. चीनने १९८० च्या सुमारास एका मुलाची सक्ती आणली आणि ती पस्तीस वर्षं चालवली. हे सगळं 'वाईटाची तयारी' याच नावाने. तुमच्या टिटवीने हाक दिली, आणि लोकांना टेबलावर झोपवलं गेलं.


निळाई

ताठ कणा, +१००.


अपशकुनी टिटवी

ताठ कणा, धाग्यातला हा सगळ्यात वजनदार प्रतिसाद. तोंडदेखलं उत्तर देऊन चालणार नाही, म्हणून सवडीने लिहितेय.

आधी 'जैसे थे'वाले. मुली शिकल्या तर घर मोडेल म्हणणारा माणूस निराशावादी आहे? मला तर तो सगळ्यात मोठा आशावादी दिसतो. आजचं घर पक्कं आहे, न्याय्य आहे, याहून बरं शक्य नाही, याची त्याला केवढी खात्री! देवाने शक्य त्या सगळ्या जगांतलं सर्वोत्तम जग निर्माण केलंय, असं तत्त्वज्ञ लायब्निझ मांडून गेले, आणि १ नोव्हेंबर १७५५ ला, सणाच्या दिवशी चर्च भरलेली असताना, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपात कोसळली. आहे त्या व्यवस्थेवर एवढा विश्वास ठेवणाऱ्याला मी माझ्या कंपूत घेणार नाही. खरा शंकेखोर आजच्या छपराकडेही संशयानेच पाहतो.

आता नसबंदी आणि एक मूल. इथे लोकांबद्दलची निराशा टोकाची होती हे खरं. पण स्वतःच्या उपायाबद्दल? तिथे शंकेचा लवलेश नव्हता. आपलं गणित चुकलं तर काय, खालचा अधिकारी कोटा पुरा करायला काय काय करेल, पस्तीस वर्षांनी म्हाताऱ्यांकडे कोण बघेल, यातला एकही प्रश्न विचारायची मुभा नव्हती. दुसऱ्यांविषयी काळंकुट्ट आणि आपल्या योजनेविषयी लख्ख सोनेरी, हे मिश्रण मला ख्मेर रूजच्याच जातीचं वाटतं. माझा निराशावाद स्वतःपासून सुरू होतो. तो स्वतःला वगळत असेल तर ते नुसतं इतरांना तुच्छ लेखणं झालं.


शंकासुर

वा! म्हणजे निराशावाद्याने बरं केलं तर तो आपला, आणि माती खाल्ली तर तो 'खरा' निराशावादी नव्हेच. आशावाद्याने देवी घालवल्या तर तो आतून निराशावादी होता. असा वाद घालायचा असेल तर मी कुठल्याही बाजूने जिंकून दाखवतो. टिटवी, निकाल लागायच्या आधी ओळखता येईल अशी एखादी खूण सांगा. नंतर वाटलेली लेबलं नकोत.


अपशकुनी टिटवी

रास्त मागणी आहे. माझी खूण एकच: योजनेत परतीची वाट आखलेली आहे का, आणि ती वाट धरायची वेळ आली हे सांगायला कुणी नेमलेला आहे का. हे पहिल्याच दिवशी कागद पाहून सांगता येतं.

अमेरिकेची दारूबंदी घ्या. १९२० मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने ती लागू झाली. पक्का स्वप्नाळू उपक्रम, दारू गेली की गुन्हे जातील, तुरुंग ओस पडतील अशी भाषणं झाली. झालं उलट, चोरट्या दारूवर टोळ्या पोसल्या गेल्या. पण घटना बदलायची रीत घटनेतच लिहिलेली होती, पत्रकार लिहीत होते, निवडणुका होत होत्या. १९३३ मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने बंदी उठली. तेरा वर्षांचं नुकसान झालं खरं, पण देश त्यातून बाहेर पडला. आता नॉम पेन्ह रिकामं करणाऱ्यांच्या योजनेत अशी एखादी रीत दाखवा. शोधायला गेलात तर तिथे तुरुंग तेवढा सापडेल.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये प्रश्नच फिरवला होता. राज्य कुणी करावं हे विचारू नका, वाईट किंवा नालायक राज्यकर्त्याला फार नुकसान करता येणार नाही अशा संस्था कशा बांधायच्या ते विचारा. ताठ कणा, सत्तेवर नसलेल्या माणसाला याहून उपयोगी प्रश्न दुसरा कुठला? वरचा माणूस चांगला निघेल ही आशा वरच्याला परवडते. खालच्याला कागदावर लिहिलेलं हवं असतं.


ताठ कणा

परतीच्या वाटेचा मुद्दा घेतला. तरी एक शिल्लक राहतंच. ज्याचं आजचं आयुष्यच संकट आहे त्याला 'जपून' म्हणणं म्हणजे त्याच संकटात आणखी थोडं थांब म्हणणं. बदल न करण्यालाही परतीची वाट नसते, कारण गेलेली पिढी परत येत नाही. तुमच्या हिशेबात हा रकाना आहे का?


अपशकुनी टिटवी

असायला हवा. आंबेडकरांच्या त्या भाषणात तो आहेच, सोसणाऱ्यांना थांबवून धराल तर सगळंच जाईल, हा इशारा त्यांनी वरच्यांना दिला होता. थांबण्याची किंमत मोजणं हे निराशावाद्याचंच काम. ती शून्य धरणारे फार दिसतात, हे मात्र तुमचं खरं.


रात्रपाळी

तत्त्वज्ञान मला फार कळत नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, तिथलं सांगते.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि रुग्णाला बाहेर न्यायच्या आधी मोठ्याने विचारायचं. रुग्ण कोण, बाजू कुठली, ॲलर्जी आहे का, रक्त तयार आहे का, स्पंज आणि सुया मोजल्या का. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, २००९ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

ही यादी म्हणजे उघड अपमान आहे. वीस वर्षं अनुभव असलेल्या सर्जनला विचारायचं की पाय डावा का उजवा? पहिल्यांदा वाचली तेव्हा काही ज्येष्ठ सर खरोखर चिडले होते. यादी त्यांना मूर्ख म्हणत नाही, ती म्हणते की तुम्ही माणूस आहात, रात्रीचे तीन वाजलेत, आणि विसरणार. सुरुवातीला सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं असतं, त्याचा उपयोग मला सगळ्यात उशिरा कळला. एकदा तोंड उघडलेली ज्युनियर नर्स नंतर "सर, एक स्पंज कमी आहे" असं म्हणू शकते. नाहीतर ती गप्प राहते आणि मनात म्हणते, सरांनी बघितलं असेल.

आणि हो, रुग्णाशी मी आशेनेच बोलते. तिथे टिटवी उपयोगाची नाही.


वाटेवरचा दगड

रात्रपाळी, दंडवत. वेगळा लेख लिहाच. (धागा शंभरीकडे चाललाय, माझं भाकीत पडतंय, चालेल.)


जुना कोडवाला

निराशावाद्यांच्या नशिबाचं एक रडगाणं इथे मांडून घेतो. वर्षाचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्राम २००० साल उजाडल्यावर ते १९०० समजतील, म्हणून आम्ही जगभरचे लोक कित्येक महिने ओळी उपसत बसलो होतो. १ जानेवारीला फारसं काही बिघडलं नाही. त्या दिवसापासून आजतागायत आम्हाला ऐकवतात की सगळा बागुलबुवा होता, पैसे उकळायचा धंदा होता. काही ठिकाणी खर्च अवाच्या सवा झाला हे खरंच आहे. पण दुरुस्त केलेली गोष्ट बिघडली नाही, याचा पुरावा म्हणून बिघाड कुठून आणून दाखवायचा?

ओझोनचंही तेच. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी ओझोनच्या थराला असलेला धोका सांगितला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर झालं, १९८७ मध्ये ओझोन खाणारी रसायनं आवरायचा माँट्रियल करार झाला. आता थर सावरतोय, आणि लोक विचारतात, त्या ओझोनचं काय झालं हो, फार घाबरवत होते ना! दरवाजा बांधणाऱ्या वामुरांना निदान लाट तरी मिळाली, मेल्यावर का होईना.


निळाई

कोडवाले, पटलं. पण यातूनच माझा शेवटचा प्रश्न निघतो आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. काही झालं नाही हाच जर यशाचा पुरावा असेल, तर निराशावाद्याला थांबवायचं कुठे? १५ मीटर बांधली तर २० का नको, २० बांधली तर ३० का नको? प्रत्येक शाळेचा पैसा भिंतीत घालाल का? आशावाद्याला निदान खर्चाची लाज वाटते. भीतीला वरची मर्यादाच नसते.


पाटबंधारे

निवृत्त अभियंता आहे, आयुष्य पाण्याच्या कामात गेलं, म्हणून एवढ्याच प्रश्नावर लिहितो.

नेदरलँड्समध्ये योहान व्हान व्हेन नावाचे सरकारी अभियंते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून बजावत होते की बांध कमी पडतायत. टोपणनाव म्हणून त्यांनी 'डॉ. कॅसँड्रा' घेतलं होतं, म्हणजे खरं भाकीत करूनही जिचं कुणी ऐकत नाही ती ग्रीक पुराणातली बाई. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र आत घुसला, त्या एका देशात १,८३६ माणसं गेली. बैल गेला अन् झोपा केला, हे तिथेही झालंच. पण झोपा कसा केला ते बघण्यासारखं आहे.

त्यांनी नेमलेल्या डेल्टा आयोगाने निळाईंचाच प्रश्न घेतला, किती उंच? उत्तर भीतीने ठरवलं नाही आणि उत्साहानेही नाही. बांध एवढा वाढवायला किती खर्च, आणि न वाढवल्यास बुडणाऱ्या मालमत्तेचं नुकसान गुणिले बुडण्याची शक्यता किती, दोन्ही मांडून बेरीज सगळ्यात कमी कुठे येते ते पाहिलं. व्हान डान्झिग या गणितज्ञांनी ते गणित केलं. त्यातून दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी दहा हजार वर्षांत एकदा येईल अशा पातळीचं मानक निघालं. कमी वस्तीच्या भागांना त्याहून सैल मानकं दिली. म्हणजे सगळीकडे ३० मीटर नाही.

पुढे त्यावर आक्षेप आला, आणि तो ताठ कणा यांच्या जातीचा होता. मालमत्तेच्या हिशेबाने श्रीमंत भागाला उंच बांध मिळतो, मग गरिबाच्या जिवाचं काय? २०१७ पासून तिथे नवी मानकं कायद्यात आहेत. बांधामागे राहणाऱ्या कुणाचाही पुराने मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला लाखात एकपेक्षा जास्त नको, मग तो कुठेही राहो. त्यावर पैशाच्या हिशेबाने जिथे जास्त हवं तिथे जास्त. बांधांची ठरावीक मुदतीने तपासणी होते, आणि जे बसत नाहीत त्यांची यादी जाहीर होते. अशा याद्यांत नापास बांध नेहमी असतात. मंत्री त्या संसदेत मांडतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात.

तेव्हा थांबायचं कुठे याचं उत्तर असं की तो आकडा आधी ठरवून, कायद्यात लिहून, सगळ्यांसमोर ठेवता येतो, आणि पटला नाही तर बदलता येतो. उलट बाजूचं उदाहरण हवं तर फुकुशिमा दाइची. तिथे त्सुनामीसाठी ५.७ मीटर धरले होते, लाट १४-१५ मीटरची आली. त्याहून मोठ्या लाटेचे अंदाज कंपनीच्याच आतल्या लोकांनी काही वर्षं आधी काढलेले होते. भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ असलेलं ओनागावाचं अणुकेंद्र वाचलं, कारण बांधताना यानोसुके हिराई नावाच्या जुन्या अधिकाऱ्याने जागा जवळजवळ १५ मीटर उंचीवर घ्यायला लावली होती. किनाऱ्यावरची घरं गेलेले लोक तेव्हा त्याच केंद्राच्या व्यायामशाळेत राहायला आले.

मध्य हॉलंडचं ते मूळ गणित कुणाला हवं असेल तर सांगा, जमेल तसं मांडतो. फार अवघड नाही, बारावीचं कलन पुरतं.